लेखकाची मोकळी ओळ

उमाजीचं वर्षश्राद्ध होतं, आणि उमाजीच्या फोटोपुढे एक माणूस नव्हतं. सगळे त्याच्या कम्प्युटरभोवती. छपरावर ठेवलेल्या पानातला वडा कावळ्याने नेला की शेजारच्या मांजरीने, हेही कुणी पाहिलं नाही. कमळाने पाहिलं. मांजरीनेच नेला. पण ती कुणाला सांगायला गेली नाही, कारण सकाळपासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आणि ‘त्याचा’ कम्प्युटर तरी कसला! सोळा वर्षांत त्या खुर्चीवर उमाजी किती वेळा बसला हे त्या खुर्चीच्या गादीला विचारावं. गादीतला खळगा कमळाच्या अंगाचा होता. दहावी पास बाई, टायपिंग शिकलेली. पार मुलचेऱ्यापर्यंतच्या लग्नपत्रिका तिने या खोलीत बसून केल्या. पडद्यावर धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्याची खोळ शिवली, तीही तिनेच. पण पाहुण्यारावळ्यांना दाखवताना सगळे म्हणत, हा नाटककार उमाजी गेडेकरांचा कम्प्युटर. कमळाही तेच म्हणायची. फक्त नाव न घेता म्हणायची, ‘यायचा’, म्हणजे यांचा.

धाकटा दीर गुणवंतराव वडश्याहून गाडी करून आला होता. वडश्यात त्याची झाडीपट्टीतली नाटकमंडळी, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत रात्र रात्र प्रयोग. गाडीतून नवीन कम्प्युटरचं खोकं उतरलं, मागोमाग त्याचा मुलगा प्रवीण उतरला आणि शेवटी पोस्टरांची गुंडाळी. दादाची सगळी नाटकं जुन्यातून नव्यात घ्यायची, नवा प्रवीणपाशी वडश्यात राहील, जुना अंगणवाडीला द्यायचा, असं ठरलं होतं. ठरवलं कुणी? गुणवंतरावाने आणि दामिनीने. दामिनी म्हणजे कमळाची पोटची एकुलती एक पोर, गोंडपिपरीला बँकेत नोकरीला. तिने काकाला फोनवर होकार दिला आणि आईला नंतर कळवलं.

गुणवंतरावाने पोस्टर उलगडून भिंतीला धरलं. लाल अक्षरांत ‘जित्या माणसाचं श्राद्ध’. खाली उमाजीचा फेट्यातला फोटो, आणि फोटोखाली : स्वर्गीय उमाजी गेडेकर यांच्या लेखणीतून उतरलेलं अखेरचं नाटक.

“कसं वाटते, वहिनी? पाहा ना, दादा कसा जित्ता वाटून राह्यला!”

“पाह्यलं,” कमळा म्हणाली आणि कणकेचे हात घेऊन आत गेली.

श्रावणात तिने भीत भीत एकदा विषय काढला होता. गुणवंतराव तेव्हा पडद्यावर हेच नाटक वाचून डोळे पुसत होता. ती म्हणाली होती, “भाऊजी, या खेपेले मायं नाव टाका. हे म्या लिवलं आहे.” गुणवंतराव आधी हसला, मग गंभीर झाला. “वहिनी, दुःखात माणसाले असं वाटते. दादानं सांगतलं असन, तुम्ही पुरं केलं असन. पण झाडीपट्टीत गर्दी दादाच्या नावावर येते. त्याच्या आत्म्याले काय वाटन?” तिने दामिनीकडे पाहिलं. दामिनी म्हणाली, “आई, बाबांचं आहे ते बाबांचंच राहू दे ना गं. तुला कुठे मिरवायचं आहे?”

मिरवायचं! कमळाच्या तोंडाशी आलेलं सगळं तिने गिळलं. बारा वर्षं गिळतच होती.

खरी गोष्ट अशी होती. पहिली तीन नाटकं उमाजीने वहीत लिहिली, कमळाने नुसती टाईप केली, ती त्याचीच. मग लकवा झाला. उजवा हात गेला, अर्धं तोंड गेलं. त्यानंतरची आठ नाटकं कमळाने लिहिली. तो खाटेवर पडून ऐकायचा, कधी हसायचा, कधी डाव्या हाताने ‘नको’ म्हणायचा. लोक समजत, त्याचं बोबडं बोलणं बायकोला कळतं, उमाजी सांगतो आणि ती टाईप करते. ती तसं समजू द्यायची. नाटक झालं की लेखकाच्या जागी एक मोकळी ओळ सोडायची, कारण नवऱ्याचं नाव तिला घेता येत नव्हतं, मग लिहिता तरी कसं येईल? ती ओळ दामिनी भरायची, आधी शाळेतून आल्यावर, पुढे सुट्टीत घरी आली की. आठ नाटकं, आठ ओळी.

आणि नववं हे. हे तर उमाजी गेल्यावर, याच वर्षात, एकटीने लिहिलेलं.

तोंडाने नाव घ्यायचं नाही हा सासूचा, ताराबाईचा, वस्तुपाठ. लग्न होऊन चार दिवस झाले होते तेव्हा विहिरीवर सतरा वर्षांच्या कमळाने बायकांच्या चिडवण्यावरून सहज नाव घेतलं. ताराबाईने तिला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. “नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य कमी होते,” एवढंच म्हणाली. अडतीस वर्षं झाली, ते नाव पुन्हा कमळाच्या तोंडून निघालं नाही. नवरदेव उमाजी असलेली पत्रिका आली तरी ती तेवढा शब्द पोरीकडून टाईप करून घ्यायची. गाव हसायचं, पण ताराबाईची मान ताठ व्हायची.

“मोठीमाय, पासवर्ड काय आहे?” प्रवीणने खोलीतून विचारलं.

“एक ते सहा आकडे.”

“एवढा सोपा?”

“कोण चोराले येते माया घरी?” कमळा म्हणाली आणि दारात येऊन उभी राहिली. “बेटा प्रवीण, एकडाव मले इचारून घे. कुठी काय ठेवलं थे मी सांगते. मंग घे.”

“वहिनी, तुमचे वडे जळतीन,” गुणवंतराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. “पोट्टे शिकलेले आहेत. दामिनी आहे ना संग. तुम्ही सयपाकाचं पाहा.”

“आई, पाहतो ना आम्ही,” दामिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

बरं. पाहा. कमळाने चूल गाठली आणि जी मिठाची गुळणी धरली ती धरली. खरं सांगायचं तर तिला तेव्हा एकदा ओरडायला हवं होतं. पण माणसाचाही एक राग असतो. आपल्याच खुर्चीजवळून आपल्याला वड्यांकडे धाडतात तेव्हा वाटतं, जाऊ दे, होऊ दे काय व्हायचं ते.

खोलीतून दोघांचं हसणं ऐकू आलं.

“ही आईची नावं बघ,” दामिनी म्हणत होती. “‘मामाजी’, ‘पत्रिका’, आणि हे... नुसतं ‘हे’! फोल्डरचं नाव ‘हे’!”

“हे म्हणजे कोणतं?”

“तिचं काहीतरी असेल, बचत गटाचं वगैरे. हे बघ, मीच केलं होतं कॉलेजात असताना : ‘बाबा उमाजी नाटके’. सगळी आहेत. मोज. अकरा आणि हे नवं, बारा.”

“टायपिंगचा प्रोग्राम?”

“त्याची खूण इथेच आहे, स्क्रीनवर. घे.”

“फटाकन झालं,” प्रवीण म्हणाला. “बारा नाटकं आन अर्ध्या मिनिटात! बाबा, झालं. जुना साफ करून टाकू?”

“कर,” गुणवंतराव म्हणाला. “अंगणवाडीवाली बाई चार वाजता येते न्याले. दादाचं लिवणं लोकायच्या हाती नाई जावं.”

जेवणं झाली. खीर चांगली झाली असं तिघांनी सांगितलं. ताराबाईने खाटेवरून सांगितलं की साखर जास्त झाली. तेवढ्या वेळात जुना कम्प्युटर आतल्या आत सगळं पुसत होता, आणि पुसून झाल्यावर प्रवीणने त्याच्यात नवीन विंडोज भरलं. पडदा नव्या नवरीसारखा कोरा झाला. कमळाने उष्टी उचलताना तो पाहिला आणि ती ताट हातात घेऊनच खोलीत आली.

“प्रवीण, यातलं गेलं कुठी सगळं?”

“नव्यात घेतलं ना, मोठीमाय.”

“‘हे’ घेतलं?”

“कोणतं?”

“‘हे’ नावाचं. त्यात आहेत ना नाटकं.”

प्रवीणने दामिनीकडे पाहिलं. दामिनीने नव्या कम्प्युटरपुढची खुर्ची ओढली आणि ‘जित्या माणसाचं श्राद्ध’ उघडायला गेली. उघडेना. दुसरं. उघडेना. प्रत्येक वेळी एकच पाटी यायची, फाईल मिळत नाही. टायपिंगच्या प्रोग्रामवर दाबलं, तीच पाटी. प्रवीण वाकून त्या चित्रांकडे बघत राहिला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण होता.

“दामिनी,” तो हळूच म्हणाला, “तू हे कॉलेजात काय केलं होतं?”

“बाबांना डाव्या हाताने पटकन उघडता यावीत म्हणून...” तिने माऊस सोडला. “म्हणून मी त्यांचे शॉर्टकट, नुसत्या खुणा, करून ठेवल्या होत्या एका ठिकाणी. पुढेही प्रत्येक नव्या नाटकाची खूण तिथेच टाकत गेले.”

“खुणाच आल्या मंग. नाटकं तिकडंच राह्यली. ‘हे’मधी.”

“आन ‘हे’ कुठी आहे?” गुणवंतरावाने विचारलं.

प्रवीणने जुन्या, कोऱ्या पडद्याकडे पाहिलं. जुन्या कम्प्युटरचा पंखा तेवढा घुर्र करत होता.

प्रवीणने नागपूरच्या मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, वरून विंडोज टाकलं असेल तर तुकडेताकडे निघतील, धड काही निघणार नाही. तरी मशीन पाठवा. गुणवंतराव खाली बसला. जुन्या नाटकांच्या नकला प्रॉम्प्टरपाशी होत्या, ती कुठून तरी जमली असती. नवं मात्र कुठेच नव्हतं. घरचा प्रिंटर वर्षभर बंद, आणि गुणवंतरावाने स्वतःच सांगितलं होतं की छापू नका, दुसरी मंडळी चोरतील. तालमी आठ दिवसांवर. पोस्टर भिंतीला.

आधी तो प्रवीणवर घसरला. “बेअक्कल! शिकला म्हून मिरवून राह्यला!” मग त्याला दुसरं कुणी सापडलं. “पण वहिनी, हे काय नाव झालं काय हो फाईलीचं? ‘हे’! सरळ दादाचं नाव टाकाले काय झालं होतं तुमाले? काऊन नाई टाकलं?”

कमळाने हातातलं ताट खाली ठेवलं.

“तुमच्या आईले इचारा काऊन नाई टाकलं थे.”

ताराबाईने भिंतीकडे तोंड केलं.

“अवो, कम्प्युटरमधी लिवल्यानं काय होते?”

“हे मले तवा कोणी सांगतलं नाई. सकाळी म्या म्हटलं, मले इचारून घ्या. तुम्ही म्हटलं, वडे जळतीन. वडे नाई जळले, भाऊजी. खाल्ले ना तुम्ही?”

“आई, आता भांडू नको,” दामिनी रडवेली झाली. “माझी चूक झाली. बाबांचं शेवटचं नाटक गेलं गं.”

‘बाबांचं’. एवढ्यावरही बाबांचंच. कमळाला वाटलं, या पोरीच्या गालावर एक ठेवून द्यावी. तिने नाही ठेवली.

गुणवंतराव उठला. नाटकमंडळी चालवलेला माणूस, त्याला रडत बसणं परवडत नाही. आवाजात मध घालून म्हणाला, “वहिनी, दादा सांगे आन तुम्ही टाईप करत. थोडंफार ध्यानात असन ना? इथी बसा. आठवन तसं लिवा. बाकी प्रवीण जोडून घेईन.”

“सांगणाऱ्याचं ध्यानात नसते राहात, भाऊजी,” कमळा म्हणाली. “आपलं राह्यते. मले सगळं पाठ आहे.”

“सगळं?”

ती फोटोखाली जमिनीवर बसली आणि हात मांडीवर ठेवून, स्वयंपाकाचं सामान सांगावं तशा आवाजात बोलू लागली.

“दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. दवाखाना. स्ट्रेचरवर नवरा, शुद्ध नाई. कारकून म्हणते, ‘बाई, पेशंटचं नाव?’ थे चूप. ‘बाई, बहिरी आहेस काय? नाव सांग!’ थे म्हणते, ‘सायेब, या पोरीले इचारा.’ ‘काऊन, नवरा तुया नाई काय?’ ‘मायाच आहे, सायेब. म्हून त अडलं. दुसऱ्याचा असता त केव्हाच सांगतलं असतं.’”

प्रवीणला हसू फुटलं. अशा वाक्यावर मंडईतलं मैदान कसं उठतं हे तो लहानपणापासून बघत आला होता.

“मंग पोरगी पुढं येते,” कमळा तशीच बोलत राहिली. “म्हणते, ‘आई, माणूस मरून राह्यला, अन तुले रीत सुचून राह्यली!’”

दामिनीचा चेहरा उतरला. ते वाक्य तिचं होतं. पंधरा वर्षांची होती ती, दवाखान्याच्या खिडकीपुढे, वडिलांच्या स्ट्रेचरला धरून. तेव्हा तिथे घरचं तिसरं कुणी नव्हतं आणि उमाजीला शुद्ध नव्हती. त्या खिडकीवर काय बोलणं झालं ते त्याला कधीच ठाऊक नव्हतं. घरी येऊन दोघींनी ते कुणाला सांगितलं नाही, एकमेकींनाही नाही.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “हे बाबांना माहीत नव्हतं.”

“नाई.”

“मग आधीची?”

“तीन त्यायची. बाकीची कोणाची थे त्यायले माहीत होतं.” कमळाने मान वर करून फोटोकडे पाहिलं. “गडचिरोलीले सत्कार झाला तवा तू होती ना? शाल डाव्या हातानं घेतली. लकवा झाल्यापासून दोनच शब्द साफ निघत तोंडातून. पाणी पायजे असलं का ‘कमळा’, अन कोणी काई देलं का ‘धन्यवाद’. मी खाली बसून होती. त्यायच्या तोंडापुढं माईक धरला. म्हटलं, आता म्हणतीन. आता तरी म्हणतीन. त धन्यवाद म्हटलं.”

ती रडली नाही. ते रडून झालं होतं, त्याच रात्री परतीच्या एसटीत, आणि शेजारच्या बाईला वाटलं होतं की आनंदाने रडते आहे.

गुणवंतरावाने खाकरून घसा साफ केला. “झालं गेलं, वहिनी. माणूस गेला, आता त्याले बोल लावून काय? बसा तुम्ही. लिवा. नाटक पायजे मले. नाव मात्र दादाचंच ठेवू. पोस्टर छापून झाले, मंडईवाल्यायले शब्द देऊन झाला. घरची इज्जत घरात राहू द्या.”

प्रवीणने टायपिंगची सोय दुसरीकडून उतरवून घेतली आणि कोरं पान उघडलं. कमळा नव्या खुर्चीवर बसली. गादी कडक होती. तिने नाटकाचं नाव टाईप केलं, खाली सवयीने एक ओळ सोडली आणि बोटं थांबवली.

“काऊन थांबल्या?” गुणवंतराव म्हणाला. “टाका. लेखक, उमाजी वारलूजी गेडेकर.”

“त्यायचं नाव मी घेत नाई, भाऊजी.”

“अवो, आता काय त्याचं!”

“अडतीस वरसं झाली. तुमच्याच घरची रीत आहे. यायच्यापायी उपाशी राह्यली मी.”

गुणवंतरावाने खाटेकडे पाहिलं. “माय, सांग ना इले. आता दादा नाई. आता नाव घेतलं त काय होते?”

ताराबाईने खाटेवर पाय ओढून घेतले. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, “आता काई नाई होत. घे.”

“आता काई नाई होत,” कमळा म्हणाली. “तवा बी काई होत नव्हतं, मामीजी. लकवा झालाच ना?”

ताराबाईने डोक्यावर पदर ओढून घेतला.

“प्रवीण, तू टाक बे,” गुणवंतराव खेकसला. प्रवीणने हात पुढे केला, पण दामिनी मध्ये आली. तिने त्याचा हात धरून बाजूला केला, फार जोराने नाही.

“ती ओळ मी भरायची,” ती म्हणाली. “आठ वेळा मीच भरली. आई, मी टाकू? तुझं नाव?”

कमळाने लेकीकडे पाहिलं. आज सकाळपासून, आणि सकाळचं कशाला, श्रावणापासून ती या एका प्रश्नाची वाट पाहत होती. आणि आता तो आला तर त्याचा तिला काडीचा आनंद झाला नाही. नाटक गेलं नसतं तर ही पोर कधी विचारणार होती?

“राहू दे,” ती म्हणाली. “मले येते.”

तिने टाईप केलं, ‘लेखिका’. मग ‘कमळा’. हजारो लोकांची नावं टाईप केलेल्या त्या बोटांनी हे नाव पहिल्यांदाच लिहिलं. पुढे एक जागा सोडून तिने ‘गेडेकर’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

“वहिनी,” गुणवंतराव हताश होऊन म्हणाला, “निदान मधात त त्याचं नाव येऊ द्या. कमळा उमाजी गेडेकर. लोकायले तरी समजन कोणाची कोण.”

“तेच त नाव, भाऊजी,” कमळा म्हणाली. “थे मी घेत नाई.”

आणि ती पहिला प्रवेश टाईप करू लागली.